तासाभराचं बेट

डोहाळजेवणाच्या फोटोंत नाव हमखास सापडते. कुठे झोपाळा असतो, कुठे चंद्रकोर, कुठे हातात धनुष्यबाण देतात. पण नावेची हौस जुनी आणि टिकाऊ. पूर्वी घरातल्याच दोन खुर्च्यांना पुठ्ठा आणि रंगीत कागद लावून ती उभी राहायची, आता सजावटवाला तयार नाव टेम्पोतून आणतो आणि संध्याकाळी परत घेऊन जातो. हिरव्या साडीतली, अंगभर फुलांची वाडी भरलेली बाई तिच्यात बसते, बायका गाणी म्हणतात, ओटी भरतात, झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उचलायला लावून पेढा निघतो की बर्फी ते बघतात. नाव दिवाणखान्याबाहेर जात नाही. बाप होऊ घातलेला माणूस फोटोपुरता शेजारी येतो आणि मग जेवणाच्या पानांची व्यवस्था बघायला जातो. हल्ली मात्र ही नाव खरोखरच पाण्यात उतरू लागली आहे. मोठी सोनोग्राफी नीट पार पडली, मळमळ ओसरली, की मुंबई-ठाणे-पुण्यातली जोडपी दोन-तीन रात्रींसाठी एखादं बेट शोधू लागतात. मालदीवचे निळे फोटो निघतात, अंदमानची विमानं बघितली जातात, लक्षद्वीपच्या परवान्याची चौकशी होते. या शोधात बेट किती सुंदर, हा प्रश्न पहिला येतो आणि किती खर्च, हा दुसरा. माझ्या मते पोटुशी बाई बरोबर असताना पहिला प्रश्न वेगळाच हवा: तिथून परत किती वेळात येता येतं? त्या मापाने मोजायला बसलं तर रायगडचा किनारा, ज्याला कोणी बेट म्हणणार नाही, तोच बऱ्याच बेटांना मागे टाकतो.

गरोदरपणी कुठे लांब जावंसं वाटणं हे काही आजच्या पिढीचं खूळ नव्हे. रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात गर्भवती सीता गंगाकाठच्या तपोवनांत पुन्हा जायची इच्छा रामापाशी बोलून दाखवते. भवभूतीच्या उत्तररामचरितातही वनवासाची चित्रं बघताना तिला अरण्यात हिंडावंसं आणि भागीरथीत उतरावंसं वाटतं. मागणं साधं, पुरवण्यासारखं. राम हो म्हणतो, रथाची व्यवस्था होते, आणि लोकापवाद कानावर आल्यावर तोच रथ तिला वनात सोडून यायला वापरला जातो. या प्रसंगावर राजधर्माच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातला प्रवासाचा तपशील जास्त खुपतो. बरोबर नवरा नाही, दीर आहे. जायची सोय चोख आहे. परत यायची कोणी केलेलीच नाही.

आपल्या रीतींनी गरोदर बाईचं कौतुक भरपूर केलं, जोडप्याचं फारसं केलं नाही. चोरओटी झाली, सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, की पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी जाते. नवरा रविवारी भेटायला येतो तेव्हा खोलीत सासू असते, मेहुणी असते, आणि कोणी नसेल तर दार उघडं असतं. पुढे बाळ, शेक-शेगडी, अंघोळ घालायला येणारी बाई, रात्रीची जागरणं. दोघांना एकमेकांशी सलग तासभर बोलायला मिळेल असे दिवस पुन्हा कधी येतील ते सांगता येत नाही. त्यामुळे ‘पोटात मूल असताना ही कसली हौस’ या घरच्या आक्षेपाला माझं उत्तर सरळ आहे: हौस नाही, हिशेब आहे. शिवाय सुट्टीचाही हिशेब आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली, पण खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही मिळत नाही. त्याच्या खात्यातल्या किरकोळ रजा बाळंतपणासाठी राखून ठेवायच्या, तर आता दोन रात्रींपलीकडे हात जात नाही. दोन रात्रींच्या सहलीतला दीड दिवस विमानतळावर आणि बदलत्या बोटींत घालवायचा, हे मला कधी पटलेलं नाही.

आता बेटच का, हा प्रश्न उरतो. समुद्रच हवा तर तो जुहूलाही आहे. बेटाची ओढ असते ती पाणी ओलांडण्याची. मागे किनारा लहान होत जातो, ऑफिसचा फोन मधेच तुटतो, मनाला कळतं की आता कोणी दार वाजवणार नाही. हे व्हायला किती पाणी लागतं? अंतराशी त्याचा संबंध थोडाच आहे असं मला वाटतं. गेटवेहून निघालेली बोट अलिबागजवळच्या मांडव्याला साधारण तासाभरात लागते. पहिल्या दहा मिनिटांत ताज हॉटेल काडेपेटीएवढं होतं, मग नांगरलेली जहाजं, मग थोडा वेळ नुसतं पाणी आणि बोटीमागे खाऊसाठी येणारे सीगल, आणि मग समोर कनकेश्वराचा डोंगर. मांडव्याला उतरलेल्या माणसाला आपण मुंबईच्या दक्षिणेला आलो असं वाटत नाही, पलीकडे आलो असं वाटतं. भूगोलाने अलिबाग बेट नाही हे कबूलच. पण जोडप्याला बेटाकडून जे हवं ते या तासाभरात मिळून जातं, आणि बेटाकडून जे नको असतं, म्हणजे अडकून पडणं, ते इथे नाही. कारण मागे रस्ता आहे.

अडकून पडण्याचं महत्त्व सुट्टीच्या जाहिरातीत कळत नाही. मालदीवमधल्या दूरच्या बेटांवर नेणारी सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात; सूर्य बुडाला की सकाळपर्यंत स्पीडबोट किंवा वाट बघणं. लक्षद्वीपला कोचीहून जहाजाने जायला चौदा तासांपासून पुढे लागतात, आणि तिथल्या अवघड रुग्णांना हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं. अंदमानात ज्याला अजूनही सगळे हॅवलॉक म्हणतात त्या स्वराज द्वीपावरून मोठं इस्पितळ गाठायचं तर पोर्ट ब्लेअरपर्यंत दोनेक तासांची बोट, तीही वेळापत्रकाप्रमाणे. यावर कोणी म्हणेल, एवढ्या बायका जातात आणि हसत परत येतात. खरं आहे. चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांदरम्यान, गुंतागुंत नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर प्रवास सर्वसाधारणपणे सुरक्षितच मानला जातो. रात्री दोन वाजता रक्ताचा डाग दिसण्याची शक्यता कमी आहे. पण ती शून्य नाही हे बाईला पक्कं ठाऊक असतं, आणि दूरच्या बेटावर तिचं अर्धं लक्ष तिकडेच राहतं. प्रत्येक बारीक कळ ती मनात मोजते आणि नवऱ्याला सांगत नाही, कारण एवढे पैसे भरलेत. परतीचा रस्ता जवळ असण्याचा फायदा संकट आल्यावर होतोच. त्याहून जास्त तो संकट न येता होतो. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, प्रसूतितज्ज्ञ आहेत, आणि मुंबईचेच डॉक्टर हवे असतील तर जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मध्यरात्रीची मुंबईही पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही.

रस्त्याचं नाव घेतलं की कोकणातला माणूस हसतो, आणि त्याचं हसणं बरोबर आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांवर आता नवीन विनोदही उरलेले नाहीत. खड्ड्यांनी गर्भ पडतो ही भीती बहुतेक वेळा निराधार असली, तरी कंबर धरते, आणि चार तासांहून लांब बसून केलेला प्रवास गरोदरपणी पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढवतो. म्हणून रस्ता अडचणीसाठी ठेवावा आणि जाणं-येणं पाण्याने करावं. त्यातही निवड आहे. गेटवेच्या दगडी पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. बोट लाटेवर हात-दीड हात वर-खाली होत असते, मधे कधी दुसऱ्या बोटीवरून पाय टाकून जावं लागतं, आणि खलाशी दंडाला धरून अक्षरशः ओढून घेतो. नेहमीच्या उतारूला ते मजेचं वाटतं. सहाव्या महिन्यात, जेव्हा स्वतःची पावलं स्वतःला दिसत नाहीत आणि तोल पुढे सरकलेला असतो, तेव्हा तीच एक पायरी सबंध सहलीतली सर्वांत धोक्याची जागा ठरते. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो बरी. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली आणि लगेच टाळेबंदीत अडकली, पण आता रुळली आहे. गाडी थेट बोटीच्या पोटात जाते, चढणं-उतरणं सपाटीवरून, बसायला नीट खुर्च्या, आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह. दर तासाला लघवीला जावं लागणाऱ्या बाईसाठी शेवटची गोष्ट समुद्राच्या देखाव्याहून मोठी आहे. प्रवासवर्णनं लिहिणारे बहुतेक पुरुष असल्यामुळे ती लिहिली जात नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि माणसं बुडाली, तेव्हापासून लाइफ जॅकेटकडे लोक जरा गंभीरपणे बघू लागले आहेत. पोटावरून त्याचे पट्टे बसतात की नाही हे चढल्याबरोबर बघून घ्यावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

खरा आक्षेप गर्दीचा आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. शनिवार-रविवारी अलिबागच्या समुद्रावर घोडागाड्या, उंट, एटीव्हीच्या फटफटी, भेळेचे कागद आणि कर्कश गाणी असतात. मालदीवच्या फोटोशी त्याची तुलना करणाऱ्याला दोष देता येत नाही. अर्धं उत्तर असं की रजा सोमवारी-मंगळवारी घ्यावी, आणि अलिबाग गाव सोडून थोडं सरकावं. नागाव-चौलच्या वाड्यांत सुपारी-नारळाखाली दुपारीसुद्धा ऊन जमिनीवर तुकड्यातुकड्यांनीच पडतं. ‘घरगुती राहण्याजेवण्याची सोय’ अशा पाट्यांमागे खोली तळमजल्यावर आहे का, संडास खोलीला लागून आणि कमोडचा आहे का, एवढं फोनवर विचारून घेतलं की पंचतारांकित असण्या-नसण्याने फरक पडत नाही. दिवेआगर, श्रीवर्धन याहून शांत आहेत. पण तिथे परतीचा हिशेब पुन्हा लांबतो, आणि हरिहरेश्वराची समुद्राकडून जाणारी प्रदक्षिणा तर निसरड्या खडकांमुळे आणि अचानक अंगावर येणाऱ्या लाटांमुळे या दिवसांत सोडलेलीच बरी. उरलेलं अर्धं उत्तर मुदतीचं. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद, समुद्र खवळलेला. मे महिन्यात घामाने जीव नकोसा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने याच पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या, ते आठवून तरी पावसाच्या तोंडावर इथे येण्याची घाई नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ उरतो, आणि डोहाळे पंचांग बघून लागत नाहीत. ज्या बाईचा पाचवा-सहावा महिना ज्येष्ठ-आषाढात येतो, तिच्यासाठी माझा सगळा युक्तिवाद निकामी आहे.

खाण्याच्या बाबतीत मात्र हा किनारा बाजूने उभा राहतो. लांबच्या बेटावर पानात काय आलं ते विचारायचं कोणाला? इथे घरची मालकीणच वाढते आणि तिला दोन बाळंतपणांचा अनुभव असतो. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो, म्हणून मोरी वगळावी, सुरमईचा तुकडा बेताने घ्यावा. बांगडा, मांदेली, ओले बोंबील यांनी पान पुरेसं भरतं. तिसऱ्या-कालवं पूर्ण शिजलेली असावीत, म्हणजे अर्धकच्च्या शिंपल्यांची परदेशी हौस इथे आपोआपच टळते. पाणी विहिरीचं असेल तर उकळून. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ इतरांना सहसा सोडून देते, गरोदर बाईला मात्र जिवावर बेतू शकते. त्यापेक्षा समोर फोडलेलं शहाळं निर्धास्त. थंडीत पोपटी मिळाली तर काय सांगावं: मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, हवी तर अंडी, पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. मडकं उघडल्यावर जो वास येतो तो तीन महिने अन्नाकडे पाठ फिरवून बसलेल्या बाईलाही जवळ आणतो. डासांचं मात्र इथेही तेच. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर झिका असतो म्हणून तिकडे जाऊ नका, असं सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ मध्ये पुणे शहरातल्या गरोदर बायकांनाही त्याची लागण झाली. सुपारीच्या वाडीत पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी लागते. ती पुण्यातही लागते.

इतक्या जवळ आल्यावर बेटावर पाऊल टाकायचा मोह होतोच, आणि किनाऱ्याने तशी सोयही केली आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा होत नाही. कधी होत नाही ते काढायचं गणित इथे सोपं ठेवलं आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तीत सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाचच्या सुमारास. किल्ला बघून होईतो दिवेलागण आणि मागून पाणी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, तीही अपुरी. चतुर्थीला तीनला भरती, सकाळी नऊला ओहोटी, आणि किल्ल्यात रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ. हा योग जुळवून आणल्यासारखा वाटतो. तरीही वाटेतले खडक शेवाळलेले आहेत आणि घोडागाडी त्यांवरून हाडं खिळखिळी करत जाते. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जाणं रम्य खरं, पण महादरवाज्यापाशी हलत्या होडीतून पायरीवर पाय ठेवायची तीच कसरत. खांदेरी जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, यापुढे तिकडे गर्दी वाढेल. उतरण्याची तऱ्हा त्याने बदलत नाही. मला वाटतं, या एका सहलीत ‘आलोच आहोत तर बघून घेऊ’ ही सवय बाजूला ठेवावी. ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवर सकाळी चालावं, किल्ला समोर असू द्यावा. मूल थोडं मोठं झालं की त्याला खांद्यावर घेऊन जाता येईल.

परतीची एवढी मोजदाद करणं हीच मुळात ऐपत असलेल्यांची चैन आहे, असाही एक आक्षेप आहे, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात, घारापुरी हे खरंखुरं बेट आहे. १९८७ पासून जागतिक वारसा, सोमवार सोडून रोज येणारे पर्यटक, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आणि त्या चढवणारे डोलीवाले. पूर्वेकडच्या लेण्यात मातृकांचा झिजलेला पट आहे. कार्तिकेय-गणपतींच्या मधे बसलेल्या त्या आया बघायला पोटुशी बाई खूप उत्सुक असेल तर मी तिला अडवणार नाही. पण राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या वस्त्यांतल्या बाईला बेट निवडावं लागत नाही, ती तिथेच असते. समोर मुंबई झगमगत असताना त्या वस्त्यांना समुद्राखालच्या तारेतून वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. पर्यटक संध्याकाळी परततात त्यानंतर तिला कळा सुरू झाल्या तर तेच पाणी, तीच बोट, आणि वेळ मात्र वेळापत्रकातली नाही. सहलीला आलेल्या जोडप्याला जो तास सुटकेचा वाटतो तो तिला अडथळ्याचा. यामुळे त्या जोडप्याने जाऊ नये असं निघत नाही. निघतं ते एवढंच, की परतीची सोय हा बेटाच्या सौंदर्याचा भाग आहे हे तिथे राहणाऱ्या बायकांना आधीपासून माहीत आहे, आणि आपण ते सुट्टीच्या निमित्ताने शिकतो आहोत.

हे सगळं अर्थात बाईला समुद्र हवा आहे असं धरून चाललं. तिला विचारलेलं असतंच असं नाही. बोटीतल्या डिझेलचा वास, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, या दोन्हींनी सहाव्या महिन्यातही पोट ढवळू शकतं. तिला कदाचित स्वतःच्याच घरात, स्वतःच्या उशीवर, दुपारी तीनपर्यंत कोणी न उठवता झोपायचं असेल आणि मग नवऱ्याशी गॅलरीत बसून निवांत बोलायचं असेल. तसं असेल तर सासू-सासऱ्यांनाच दोन रात्री नागावला पाठवून द्यावं. त्यांना रविवारची शेवटची बोटही चालेल.